लिंबाखालचा दगड

नगरच्या म्युनिसिपालटीच्या बागेतल्या माळ्याला मी भ्यायचो. बोलताना त्याची नजर झाडावर असायची आणि एकच गोष्ट तो दोनदा सांगायचा. "गवतावरून उठा. उठा म्हनलं!"

लिंबाखालच्या दगडावर मात्र तो मला बसू द्यायचा. माझी बायको मरेपर्यंत रोज संध्याकाळी तिथंच बसायची, हे त्यानं पाहिलं होतं.

लढाईच्या दिवसांत सरपण मिळेना, म्हणून बागेतली झाडं तोडायचं ठरलं. चुन्याची फुली त्या लिंबालाही पडली. मी माळ्याला गाठून विचारलं,

"ह्यो बी तोडनार व्हय रे?"

"ठेकेदाराची मानसं उद्या येनार. उद्याच."

त्यानं शेंदूर तेलात कालवला आणि माझ्यादेखत त्या दगडाला फासला. दुसऱ्या दिवशी मजुरांनी कुऱ्हाडी खाली ठेवून हात जोडले. लिंब वाचला.

संध्याकाळी मी सवयीनं दगडाकडं गेलो, तर तो ओरडला, "बाबा, तिथं बसायचं न्हाई. न्हाई म्हंजे न्हाई! देव हाय."

"अरे, काल तूच केलास की!"

"म्हनूनच लई भ्या वाटतं."

त्यानं वहाणा लांब काढून ठेवल्या होत्या. मी हसायला गेलो, पण हसू फुटेना. तेव्हापासून बायकोची जागा मी उभ्यानंच बघतो. बसायची छाती होत नाही.