वेग एकच मानणारे बापट साहेब

आम्ही ऑफिसातले जुने लोक लग्नकार्यात भेटलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग बापट साहेबांचे किस्से निघतात. एक सांगितला की दुसरा आठवतो. पंगत उठून जाते, आम्ही तिथंच!

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नागपुरात आमचं भूगर्भाचं छोटं सरकारी ऑफिस होतं. बोअरमध्ये यंत्र सोडायचं, लांब जमिनीवर दणका द्यायचा, लाट किती वेळात पोचते ते मोजायचं, आणि त्यावरून पाणी धरणारा खडक किती खोल आहे ते काढायचं. माझा जोडीदार वानखेडे म्हणायचा, "खडक थरांचा आहे. लाट आडवी पळते, उभी रेंगाळते. दिशेप्रमाणे वेग धरा!"

बापट साहेब पुण्याचे. म्हणायचे, "लाट ती लाट. वेग एकच!"

*

भिवापूरकडे आम्ही घण मारत होतो. एक शेतकरी आला. "काहून ठोकून राहिले जी जमिनीले?"

वानखेडेने आडवी-उभी लाट समजावून सांगितली.

"हे तं आमच्या तक्रारीसारखंच झालं! गावात आडवी पसरते, वर तहसीलदारापावतर जातच नाही!"

वानखेडे साहेबांकडे वळला. "घ्या, एक मत माझ्याकडे!"

*

त्याच मुक्कामात यंत्राच्या कागदावर रोज सकाळी अनोळखी धक्के उमटू लागले. साहेब खूश! "नवा थर दिसतोय!"

थर कसला? आमचा स्वयंपाक करणारी गिरजाबाई बोअरमागे मिरच्या कांडायची.

"बाई, कांडणं बंद ठेवा," साहेब म्हणाले.

"ठेवतो जी. मंग भाजीत दगडं टाकू का? तुमच्यापाशी लय आहेत!"

*

आमचं गणित दुसरीकडच्या कॉम्प्युटरवर चालायचं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा वानखेडे सायकलला बांधून न्यायचा. एकदा सीताबर्डीत दोरी तुटली, कार्डं रस्ताभर! लोकांनी वेचून दिली, पण क्रम गेला. उत्तर आलं : लाट दणका बसायच्या आधीच पोचली!

साहेब ओरडले, "निघायच्या आधी पोचली?"

वानखेडे म्हणाला, "आपल्या ऑफिसात पहिल्यांदाच कोणी वेळेआधी पोचलं, साहेब. कौतुक करा!"

*

आणि ते रामटेकजवळचं गाव. तिथल्या बाया लांब नदीवरून पाणी आणायच्या. साहेबांच्या वेगाने खडक इतका खोल निघाला की आमचं बोअर मारायचं मशीन पोचणारच नाही. वानखेडे म्हणाला, "उभा वेग कमी धरा, खडक बराच वर येतो!" दोघं असे भांडले, असे भांडले, की बोलणंच बंद. एकाच खोलीत बसून सगळं माझ्यामार्फत!

"वानखेडेंना सांगा, चहा गार होतोय."

"साहेबांना सांग, मला ॲसिडिटी आहे."

शेवटी गावकरी ऑफिसात येऊन बसले. साहेब मला म्हणाले, "वानखेडेंना सांगा, एक दिवस मशीन देतो. एकच!"

मशीन लागलं, पण दुपारपर्यंत भोकातून नुसती धूळ. बाया घागरी घेऊन उभ्या. त्यांना शब्द वानखेडेने दिलेला; त्याचा चेहरा पार उतरला. साहेब भोकापाशी गेले, चष्मा पुसत मला म्हणाले, "वानखेडेंना सांगा, खडक अजून खूप खाली आहे. आता आवरा..."

पुढचा शब्द तोंडातच राहिला. भोकातून गढूळ पाण्याचा लोट उसळला! बाया किंचाळल्या. चष्मा कुठच्या कुठे उडाला. साहेब दोन्ही हातांनी चाचपडत ओरडत होते, "वानखेडे! अहो वानखेडे! पाणी लागलं!"

वानखेडे त्यांना खेटूनच उभा. नखशिखांत भिजलेला, डोळेही भरलेले. माझ्याकडे वळून म्हणाला,

"साहेबाले सांग गा, मी बी भिजून राहिलो!"