व्याह्यांना घेऊन एसटीने: सासवड, चुकून भोर, आणि वाई

पाहुण्याला पुणे दाखवायला एक सकाळ पुरते. बुधवार पेठेतला गणपती, शनिवारवाड्याचा दरवाजा, अर्धा किलो बाकरवडी, आणि घरी. दुपारी शहर झोपतं, तेव्हा पाहुण्यालाही झोपवता येतं. पण या वेळी आमच्याकडे आलेले पाहुणे आठ दिवस राहणार होते, आणि ते नुसते पाहुणे नव्हते, व्याही होते. सुनेचे वडील, वाशिमचे वसंतराव.

तर या सहलींमागचं खरं कारण आधीच सांगून टाकतो. आमच्या सुनेला, अश्विनीला, सहावा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात ओटी भरून लेकीला वाशिमला न्यायचं, हे पक्कं करायलाच वसंतराव आले होते. अश्विनीला मात्र जायचं नव्हतं. तिचं ऑफिस हिंजवडीत, डॉक्टर वारज्यात, नवराही इथेच. पण वडिलांना हे सांगणार कोण? ती म्हणाली, मिहिर सांगेल. आमचे चिरंजीव मिहिर म्हणाले, "नाना, तुम्हीच सांगा. तुम्ही सिनियर आहात." नको असलेलं काम वरच्या माणसाच्या टेबलावर सरकवून देण्याला त्यांच्या कंपनीत एस्कलेट करणं म्हणतात. आमच्या सरकारी ऑफिसातही हेच चालायचं, फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं.

"त्यांना बाहेर फिरवा, मूड बघा आणि हळूच विषय काढा," असा आदेश मिळाला. आमच्या घरात बाईमाणूस म्हणजे एकटी सूनच. माझी पत्नी असती, तर तिने पोळ्या लाटता लाटता हा विषय संपवला असता. मला त्यासाठी तीन तालुके लागले.

ज्यांना अशा सहली करायच्या आहेत त्यांच्यासाठी आखणी सांगतो. पेशव्यांनी पुण्याला राजधानी केलं, त्यामुळे त्यांच्या सरदारांची, मुत्सद्द्यांची आणि शेजारच्या संस्थानिकांची गावं आसपासच आहेत. मुक्काम राजधानीत ठेवायचा, सकाळी एक गाव गाठायचं आणि रात्रीच्या वरणभाताला घरी यायचं. घरी गाडी आहे, पण ती चालवायला मिहिर लागतो, आणि मिहिर आठवड्यातले पाच दिवस हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये राहतो. म्हणून एसटी. पासष्टीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा म्हातारपणाचा तेवढा एक फायदा सोडू नका.

पहिला दिवस सासवडचा. तिथे तर शहराची बससुद्धा जाते. हडपसर मागे पडलं की दिवे घाट लागतो. उजवीकडची खिडकी धरा की डावीकडची, यावर मी वसंतरावांना पंधरा मिनिटं मार्गदर्शन केलं. शेवटी दोघांना दांडा धरून उभंच राहावं लागलं.

वसंतरावांचं वाशिमला भांड्यांचं दुकान होतं. आता ते भाच्याकडे दिलंय, पण नजर दुकानातच राहिली आहे. संगमेश्वराच्या देवळात मी त्यांना कऱ्हा आणि चांबळी या नद्यांचा संगम, दगडी पायऱ्या, खांबांवरचं कोरीवकाम असं सगळं ओळीने दाखवलं. ते अभिषेकाच्या पात्राखाली जाऊन उभे राहिले.

"तांबं चांगलं आहे," ते म्हणाले. "पण चिंचेनं घासा म्हणा ह्यांना. पावडर लावून राहिले."

देऊळ शांत होतं, सावली होती, समोर पाणी होतं. विषय काढायला याहून बरी जागा मिळणार नव्हती. मी घसा खाकरला. "वसंतराव, अश्विनीबद्दल जरा बोलायचं होतं."

"बोला न जी," ते एकदम वळून म्हणाले. चेहऱ्यावर इतकं निर्मळ औत्सुक्य होतं, की माझ्या तोंडून निघालं, "पोहे छान करते हो ती."

"आईवर गेली," ते म्हणाले आणि पुन्हा पात्राकडे बघायला लागले.

आम्ही अंजीर घेऊन परत आलो. सासवडच्या बाजूची अंजिरं हंगामात जरूर घ्या, पण वरची बघून खालची घेऊ नका. दारात मिहिर भुवया उडवून विचारत होता. मी अंजिराची पिशवी त्याच्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी वाईला जायचं ठरलं. आता इथे मला स्वारगेटबद्दल चार शब्द लिहायलाच हवेत. गाडी फलाटाला लागते तेव्हा दाराशी झुंबड उडते, आणि अनुभवी माणूस त्या झुंबडीत शिरत नाही. तो खिडकीखाली जातो आणि आतल्या सीटवर रुमाल टाकतो. रुमाल पडला की जागा आपली. हा कायदा कुठे छापलेला नाही, पण मोडणाऱ्याची गाडीभर शोभा होते. मी या विद्येत मुरलेला आहे. वाईची पाटी लावलेली गाडी वळून येताना दिसली आणि मी चालत्या गाडीत रुमाल टाकला, शेजारच्या सीटवर वसंतरावांची टोपीही टाकली. त्यांना विचारायला वेळ नव्हता.

"पुण्याचे लोक शांत असतात म्हणे," ते डोकं चाचपत म्हणाले.

ऐटीत बसलो. गाडी कात्रजचा चढ चढून गेली तेव्हा कंडक्टर आला. मी म्हणालो, "वाई, दोन ज्येष्ठ."

"भोर हाय ही," तो म्हणाला.

"पाटी वाईची होती."

"ती वाईहून येताना होती. स्टँडात बदलली की. बाकीच्यांनी वाचली." मग आमच्या वयाकडे बघून जरा नरमला. "कापूरहोळला उतरा आन मागनं येणारी गाडी धरा. काय अवघड न्हाई."

अवघड काहीच नव्हतं. पण मी रुमाल टाकून मिळवलेल्या खिडकीकडे पाहिलं. ती सोडून, उन्हात फाट्यावर उभं राहून, दुसऱ्या भरलेल्या गाडीत पुन्हा लोंबकळायचं? मी वसंतरावांकडे पाहिलं. त्यांनी पाय ताणून पुढच्या सीटखाली सारले होते.

"जागा भेटली न?" ते म्हणाले. "मंग उतरता काहून?"

त्या क्षणी मला हा माणूस मनापासून आवडला. कापूरहोळ आलं आणि गेलं, आम्ही हललो नाही. केवळ बसायला मिळालं म्हणून गावच बदलणारे प्रवासी त्या कंडक्टरने पहिल्यांदाच पाहिले असावेत. उतरेपर्यंत तो आमच्याकडे वळून वळून बघत होता.

भोर हे संस्थानिकांचं गाव. राजवाडा मोठा देखणा आहे, निदान बाहेरून. आम्ही गेलो तेव्हा फाटकातल्या माणसाने "आत शूटिंग हाय" म्हणून हात आडवा केला. मी इतिहास सांगून बघितला. त्याच्यावर परिणाम झाला नाही. मग मागच्या अंगाने नीरेच्या घाटावर जाऊन बसलो. तिथे एक मावशी कपडे आपटत होत्या, पलीकडे म्हशी पाण्यात होत्या. मी पुन्हा घसा खाकरला.

"वसंतराव, हल्लीच्या मुलींची नोकरी म्हणजे..."

"हो न," ते म्हणाले आणि थांबले. पुढचं मी बोलावं म्हणून पूर्ण वळून, हात गुडघ्यांवर ठेवून बसले. त्यांनी मध्येच तोडलं असतं तर मला सोपं गेलं असतं. असं नीट ऐकून घेणाऱ्या माणसाला वाईट बातमी कशी द्यायची, हे मला जमेना.

"...म्हणजे फार बसून असते," मी वाक्य संपवलं.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पोट दणकट असणाऱ्यांनी खावी, पावाचा आग्रह धरू नये. माझ्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं. वसंतरावांनी रस्सा ओरपला आणि चिंतेच्या सुरात विचारलं, "ह्याले तिखट म्हणतात का जी तुमच्याकडे?"

रात्री मुलांनी मला स्वयंपाकघरात घेरलं. अश्विनी तर रडकुंडीला आली होती. "नाना, परवा बाबा निघतील. त्यांनी माझं तिकीट काढलं तर मी नाही म्हणू शकणार नाही. ते दुखावतील आणि मी जाईन, असंच होणार." तिचा चेहरा बघून मला माझीच लाज वाटली. उद्या वाईला सांगून टाकायचं, असं मी कबूल केलं.

तिसऱ्या दिवशी आधी पाटी वाचली, दोनदा वाचली, वसंतरावांकडून वाचून घेतली, आणि मग रुमाल टाकला. सकाळच्या गाडीने वाई अडीच-तीन तासांत येतं. कृष्णेचे घाट, ढोल्या गणपती, हे सगळे बघतातच. तुम्ही तिथून रिक्षाने मेणवलीलाही जा, अगदी जवळ आहे. नाना फडणवीसांनी बांधलेला घाट आहे, आणि घाटावरच्या देवळाजवळ एक भली थोरली घंटा टांगली आहे. वसईच्या लढाईनंतर पोर्तुगीजांच्या चर्चमधून आलेली. वसंतराव तिच्याभोवती प्रदक्षिणा घालत राहिले. बोटाच्या पेराने हळूच टकटक केली, कान लावला.

"ओतीव आहे," ते हलक्या आवाजात म्हणाले. "एका ओतात केली. काय माणसं असतील जी."

मग ते पायरीवर येऊन बसले आणि मला म्हणाले, "नाना, आता इथं तरी सांगता का? का आणखी एक गाव आहे?"

माझा घसा खाकरायचाच राहिला.

"पोरगी वाशिमले येत नाही, हेच न? तिनं आईले फोनवर कवाच सांगितलं. मी घरून निघालो तवाच मले ठाऊक होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"कोणता पुणेकर आपल्या मनानं पाहुण्याले सासवड दाखवते?" ते हसत म्हणाले. "समजलो न मी, तुमाले पाठवलं म्हणून. पण म्हटलं, सांगून टाकलं तर फिरणं बंद होईल. दुकानापायी मी कुठी गेलोच नाही कधी."

मी हसलो, तेही हसले. मग त्यांचं हसू थांबलं. नदीकडे बघत ते बोलायला लागले, तेव्हा आवाज निराळा होता.

"तिच्या आईनं खोली रंगवून ठेवली. बाज विणून आणली. डिंक आणला, आळीव आणला. दुकान भाच्याले देलं तवा एक तांब्याचं घंगाळ तेवढं मी काढून ठेवलं होतं. नातवाले त्याच्यात न्हाऊ घालायचं म्हणून. डॉक्टर इथं आहे, नोकरी इथं आहे, ते समजते मले. पण कोणी मले इचारलं नाही, नाना. फोनवर सांगितलं. वाईट वाटलं मले."

तीन दिवस मी या माणसाला बातमी कशी द्यायची याचाच विचार केला होता. त्याला काय हवंय, हे विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तुम्ही दोघं आमच्याकडेच या," मी म्हणालो. "तीन महिने राहा. वहिनींच्या हातचं खाईल ती."

"लेकीच्या सासरी तीन महिने?" ते ताठ झाले. "नाही जी. आठ दिवसांतच मले अवघडल्यासारखं झालं."

इथे माझ्यातला पुणेकर उपयोगी पडला. आमच्या इमारतीत कोणाचा फ्लॅट बंद आहे, का बंद आहे आणि किल्ली कोणाकडे आहे, हे मला ठाऊक असतं. मी म्हणालो, "आम्ही पाचव्या मजल्यावर. तिसऱ्यावरचा मालक अमेरिकेत असतो. फ्लॅट रिकामा आहे, भाड्याने मिळेल."

वसंतराव माझ्याकडे वळले. "भाडं मी देईन?"

"तुम्हीच द्याल."

"मंग ते सासर होत नाही."

"नाही होत. तुमचं घर."

"म्हणजे माहेर," ते म्हणाले आणि उठून पुन्हा त्या घंटेकडे गेले. मला पाठमोरेच दिसत होते, पण खिशातून रुमाल काढलेला दिसला.

परतीच्या गाडीत आम्हांला जागा मिळाली नाही. उभ्याने आलो, दिवसभराच्या खर्चाचा हिशेब लावत. तो हिंजवडीतल्या एका पिझ्झ्यापेक्षा कमी निघाला.

या सहलींतून काय हाती लागलं, असं कोणी विचारलं तर भोरचा राजवाडा अजून आतून पाहायचाय, वाईला सकाळची गाडी बरी, आणि व्याह्यांशी बोलायला घाट लागत नाही, आधी विचारावं लागतं. एवढंच मला सांगता येईल. वसंतरावांशी माझी आता रोज फोनाफोनी चालते. जुन्नर बाकी आहे, असं ते मला धमकीसारखं सांगतात.

पुढच्या महिन्यात ते वहिनींना घेऊन आले. रंगवलेली खोली तेवढी वाशिमला राहिली, बाकी सगळं एसटीतून आलं. ठरल्या दिवशी शेजारच्या काकूंनी अश्विनीची ओटी भरली. मिहिरने सुट्टी काढली होती. बॅग भरलेली, हिरवी साडी, गजरा. वसंतराव रीतसर न्यायला वर आले, मी रीतसर "सांभाळा हो" म्हणालो. ती माझ्या पाया पडायला वाकायला लागली, तर मीच तिला धरलं. लिफ्ट आली. दार बंद होता होता माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पोचलीस की फोन कर गं."

मिहिर खो खो हसत खाली गेला. मी आत येऊन बसलो. तिची चप्पल दारात नव्हती, लॅपटॉपचं टेबल रिकामं होतं. तेवढ्यात फोन वाजला.

"नाना, पोचले."

"बरं झालं," मी म्हणालो. "काळजी घे."

दोन मजले खाली गेलेल्या मुलीसाठी डोळ्यांत पाणी येणं आमच्या पुणेरी शिस्तीत बसत नाही. पण आलं.