मामाचं कार्ड आणि घरभर कापूस

धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं त्या वर्षी आमच्या घरात माणसांपेक्षा कापूस जास्त होता. भाव पडलेला, म्हणून बाबांनी तो विकलाच नाही. समोरच्या खोलीत आढ्यापर्यंत रचून ठेवला. गावात घरोघरी हेच. आम्ही त्याच्या कडेकडेने जेवायचो, झोपायचो आणि दिवसभर अंग खाजवायचो.

अशा घरात बहिणीला पत्रिका हाताने करायच्या होत्या, त्याही पर्लच्या कार्डावर. मोत्यासारखी चमक असलेलं ते जाड कार्ड तिने मैत्रिणीच्या लग्नात पाहिलं होतं. लग्नात बाकी कसलाच थाट होणार नव्हता, ही एवढी एक हौस तिने मागितली. मी मोठी, यवतमाळला दिलेली, घरात प्रिंटर असलेली. मला विचारायची गरजही कोणाला वाटली नाही. प्रिंटर मांडीवर घेऊन माहेरी, बाभुळगावला जाणाऱ्या बसमध्ये बसले, तेव्हाच माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

पहिलं कार्ड सुंदर निघालं. कौतुकाने त्यावरून हात फिरवला, तर नवरदेवाचं आडनाव माझ्या अंगठ्यावर! त्या चमकीत शाई मुरतच नाही, वरच्या वर बसून राहते. मग कार्डं वाळवत बसा. उन्हात ठेवली की वाकडी होत. पंखा लावला की कापूस उडे आणि तासाभरात प्रत्येक ओळीला पांढरी मिशी फुटे. तंतू चिमट्याने काढावा, तर त्याच्याबरोबर काना-मात्राही निघून येत.

"बाबा, थो कापूस त्या खोलीत टाका ना," मी वैतागून म्हटलं.

"त्या खोलीत बी कापूसच हाये," बाबा म्हणाले. "तू मशीन हलव."

निम्मी कार्डं वाया गेल्यावर मी जाहीर केलं, आता साध्या कागदावर छापीन. बहिणीचे डोळे भरले. "बाकीच्याईले साधी दे, ताई. मामाले मात्र हेच पाह्यजे. मामा आला नाही तं मी मांडवात पाय नाही ठेवत."

मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. आई गेली तेव्हा त्याला निरोप वेळेवर पोचला नाही. त्याचं गाव नेर काही दूर नाही, पण तो आला तेव्हा सरण विझलं होतं. सख्ख्या बहिणीचं शेवटचं तोंडही त्याला दिसलं नाही. त्यानंतर त्याने आमच्या दारात पाऊल टाकलं नव्हतं. आणि आमच्याकडे नवरीला मांडवात आणतो तो मामा, अक्षता पडेपर्यंत तिच्या मागे उभा राहतो तोही मामाच.

म्हणून त्याच्या एका कार्डासाठी पुन्हा सगळा खटाटोप. आप्तांच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर, ठळक. ठळक म्हणजे शाई जास्त, म्हणजे आणखी ओलं. कापूस बसू नये म्हणून दोन दिवस त्यावर परात पालथी घातली. मग डब्यात घालून मी एकटी नेरला गेले.

मामा ओट्यावर बसला होता. त्याने कार्ड लांब धरून सावकाश वाचलं आणि आपल्या नावाशी थांबला. एवढं करूनही त्या नावावर एक तंतू होताच. जन्मभर कापूस वेचलेला माणूस, त्याचं बोट थोडंच थांबतंय! नखाने त्याने तंतू ओढला आणि नावाचा काळा पट्टा झाला.

तो त्या पट्ट्याकडे बघत राहिला. "याही टायमाले माह्यंच नाव गेलं का वं?"

माझा तोल गेला. कापसाला, मशीनला, बाबांना, बहिणीच्या हौशीला, सगळ्यांना मी तिथे ओट्यावर उभी राहून शिव्या घातल्या. आणि त्याच भरात बोलून गेले, "त्या दिवशी तुले फोन करायचं माह्याकडं होतं, मामा. मीच विसरली."

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. मी रडायला लागले.

मामा आत गेला. मला वाटलं, संपलं. तो पेन घेऊन आला. "नाव लेह्य." पण त्या मेल्या चमकीवर पेनही घसरायला लागलं. त्याने कार्ड पालथं केलं. मागची बाजू साधी, खरबरीत होती.

"इथं लेह्य. नाव राहू दे. कायले आली थे लेह्य."

मी लिहिलं, मामा, लग्नाला ये.

त्याने ते वाचलं आणि कार्ड खिशात ठेवलं. "तवा येवढंच पाह्यजे होतं, बाई."

लग्नाला तो सगळ्यांच्या आधी आला. बहिणीला मांडवात घेऊन जाताना त्याने माझाही हात धरला, आणि अक्षता पडेपर्यंत सोडला नाही.