लेबर कार्डवर नोकर, करारावर मालक

"सही करून टाकतो ताई, उगाच कशाला ताणायचं?" असं म्हणत गिरीशने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. मी करारच त्याच्या हाताखालून ओढून घेतला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. दुबईत करामामध्ये लालवाणी साहेबांचं अकाउंट्सचं ऑफिस होतं, तिथे मी टॅक्सचं काम बघायची. गिरीश मूळचा माझ्याच सांगलीचा, पण अमेरिकेत शिकून, राहून तिथलाच नागरिक झालेला. आता जबल अलीला एका अमेरिकन कंपनीत वेल्डिंग इन्स्पेक्टर. अमेरिकेचा न्याय अजब आहे. तिचा नागरिक जगाच्या पाठीवर कुठेही कमवो, रिटर्न भरावाच लागतो. गिरीशचा मी भरायची.

कंपनीने त्याला सांगितलं होतं की पुढच्या महिन्यापासून तू एम्प्लॉयी नाहीस, इंडिपेंडंट काँट्रॅक्टर. काम तेच, साइट तीच, वर दोन हजार दिरहम जास्त. हाच करार तिथल्या आणखी तीन अमेरिकन इन्स्पेक्टरांपुढेही ठेवला होता.

"म्हणजे बावीस हजार रुपये!" गिरीश खूश. "आणि इथे टॅक्स कुठाय?"

"अरे बाबा, रुपये कसले करतोस? तुझा टॅक्स डॉलरमध्ये जातो!"

आपल्या लोकांचं हे असंच. पासपोर्ट अमेरिकेचा, पगार दिरहमचा, पण आनंद मात्र रुपयांतच मोजणार. मी त्याला समजावलं. अमेरिकेत म्हातारपणीच्या पेन्शनसाठी, औषधपाण्यासाठी पगारातून हप्ता जातो. नोकरी असेल तर अर्धा कंपनी भरते, अर्धा आपण. काँट्रॅक्टर झालास की दोन्ही अर्धे तुझे. त्याला म्हणतात सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स, साधारण पंधरा टक्के. परदेशातल्या कमाईवर सूट मिळते ती इन्कम टॅक्सला, याला नाही. शिवाय पुढची ग्रॅच्युइटी, मेडिकल, सुट्टीचं तिकीट, सगळ्यावर पाणी. गिरीशचं तोंड उतरलं.

लालवाणी साहेबांनी काचेतून सगळं पाहिलं होतं. तो गेल्यावर मला आत बोलावलं. "वो कंपनी हमारा सबसे बड़ा क्लाएंट है. शनिवार को आप ही वहाँ जाओगी. चारों इन्स्पेक्टर को समझाओ, साइन करवाओ. और नहीं, तो अपना वीज़ा याद रखना."

माझा व्हिसा त्यांच्याच ऑफिसचा. नोकरी गेली की काही दिवसांत देश सोडायचा. चाळिशी आलेली, एकटी, आईचं औषधपाणी माझ्या पगारावर. खोटं कशाला सांगू, भीतीने शुक्रवारभर बचतीचा हिशेब मांडत बसले. पण संतापही तेवढाच होता. माझ्या तोंडून त्या पोरांना फसवायचं? मीच बरी सापडले!

शनिवारी जबल अलीला गेले. चारही जण समोर बसलेले. एचआरचे फर्नांडिस हसत म्हणाले, "मॅडम, शॉर्टमें, बेनिफिट्स बता दो. यल्ला, चलो."

मी म्हटलं, "गिरीश, सकाळी कार्ड कुठे पंच करतोस?"

"इथेच, गेटवर."

"तपासणीचं मीटर, हेल्मेट कोणाचं?"

"कंपनीचं."

"सुट्टी कोण देतं?"

त्याने फर्नांडिसांकडे बघितलं. फर्नांडिसांचं हसू तेव्हाच आटलं.

"आता लेबर कार्ड काढ."

अमिरातीत परक्या माणसाला लेबर कार्डाशिवाय काम करता येत नाही आणि त्यावर मालकाचं नाव छापलेलं असतं. गिरीशने कार्ड टेबलावर ठेवलं. त्यावर कंपनीचं नाव, आणि नव्या करारानंतरही व्हिसा कंपनीचाच राहणार होता.

"फर्नांडिस साहेब, इथल्या सरकारला तुम्ही सांगता हा आमचा नोकर. अमेरिकेच्या सरकारला सांगणार, हा स्वतःचा मालक. यातलं खोटं कुठलं? मला रिटर्नमध्ये लिहायचंय."

"मॅडम, आपको लालवाणीने भेजा है ना?"

"पाठवलं त्यांनी. बोलतेय मी."

"ये सब लिखके दोगी?"

"आत्ता देते."

त्यांच्याच टेबलावर बसून दोन पानं लिहिली. कॉपीवर रिसीव्हडचा शिक्का घेतला. त्या दिवशी कोणीही सही केली नाही. दोन आठवड्यांनी, ती पानं वाचून, अमेरिकेतल्या हेड ऑफिसने करार मागे घेतला. चौघे होते तिथे, होते तसेच राहिले.

मी राहिले नाही. लालवाणी साहेबांनी माझ्या नावाचा राजीनामा टाइप करूनच ठेवला होता. "साइन कर दो. इज्जत से जाओ. खलास."

मी वाचला. राजीनामा दिला असता तर तेव्हाच्या नियमाने माझी ग्रॅच्युइटी कापली गेली असती. मी कागद परत सरकवला. "मी सोडत नाहीये. तुम्ही काढताय. तसं लिहा."

"ज़िद मत करो."

"करणार. बसते मी इथेच."

तासभर बसले. ते फोन करत राहिले, मी हलले नाही. शेवटी चिडून त्यांनी दुसरा कागद टाइप करवला, ऑफिसने कामावरून कमी केलं असा. मग मी सही केली. पूर्ण ग्रॅच्युइटी घेतली आणि सांगलीला न जाता पुण्यात स्वतःचं ऑफिस थाटलं. आता मीही सेल्फ-एम्प्लॉइड.

तरुण पोरं अजून विचारायला येतात, गल्फमध्ये टॅक्स नसतो ना मॅडम? मी सांगते, टॅक्स-फ्री देश असतो, माणूस नसतो. आणि दुसऱ्याने टाइप करून आणलेल्या कागदावर तुम्ही कोण आहात, ते आधी वाचा.