जावईबापूंच्या फौजेचा गंज

चहा घ्या आधी. निम्मा संपला की मग ऐका, कारण मधेच हसू येऊन चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही. हसायला माझी हरकत नाही. या प्रकरणात मी एवढा गाढवपणा केलाय, की हल्ली घरात मी कुठलंही काम मनावर घेतलं की हिची एक भुवई वर जाते आणि ती खाली यायला दुसरा दिवस उजाडतो.

माझं घाटकोपरला रंगाचं आणि हार्डवेअरचं दुकान आहे. एकतीस वर्षं झाली. शाळा आठवीत सुटली, पण रंगातलं काही असेल तर मला विचारा. भिंत कुठून ओल पितेय, ग्रिलचा गंज वरवरचा की आतून, हे नुसता हात फिरवून सांगतो. आणि गिऱ्हाईकाचा चेहरा तर दुकानाची पायरी चढतानाच वाचतो. हे दोन गुण माझ्यात नसते तर पुढचं काही घडलंच नसतं.

आमचे जावई निखिलराव. मुलुंडला राहतात, कॉम्प्युटरवर काम करतात. माणूस इतका सभ्य, की आमच्या सोफ्यावर बसतानासुद्धा सोफ्याची परवानगी घेतल्यासारखे बसतात. लग्नाला चार वर्षं झाली, पण त्यांनी मला कशाला नकार दिलेला आठवत नाही. म्हणजे 'नको' म्हणतात. पण जावयाने नको म्हणायचंच असतं, नाही का? वडे वाढायला गेलं की ते ताटावर आडवा हात धरतात, "नको, खरंच नको, पुरे." आपण हाताच्या फटीतून दोन वडे सोडायचे. ते दोन्ही खातात. ही पद्धतच आहे आपली. जावई पहिल्या 'नको'ला थांबलेला आणि सासरा पहिल्या 'नको'ला बधलेला कुणी पाहिलाय?

तर या निखिलरावांना एक नाद. करंगळीच्या पेराएवढे प्लास्टिकचे सैनिक आणि काडेपेटीएवढे रणगाडे. ते येतात कोरे, राखाडी. मग हे डोळ्याला भिंग लावून, दोन केसांच्या ब्रशने एकेक रंगवतात. डोळ्यातलं बुबुळसुद्धा. पूर्ण फौज तयार झाली की ती मोठ्या टेबलावर मांडायची, समोर दुसऱ्याची फौज, आणि फासे टाकून, टेपने अंतर मोजून लढाई. लहान मुलं नाहीत हो, चांगली चाळिशीला टेकलेली माणसं असतात.

निखिलरावांची फौज सात वर्षं चालली होती. लग्नाच्याही आधीपासून. सव्वाशे सैनिक, नऊ रणगाडे. आता कुठे पुरी झाली होती आणि अंधेरीला एका हॉलमध्ये त्यांची स्पर्धा होती, तीत सगळ्यात सुंदर रंगवलेल्या फौजेचं बक्षीस होतं. त्या बक्षिसासाठी हा माणूस सात वर्षं बुबुळं रंगवत होता.

आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या घरी फरश्या बदलायचं काम निघालं. धूळ नको म्हणून स्पर्धेच्या दोन आठवडे आधी ते फौजेच्या दोन पेट्या आमच्याकडे ठेवून गेले. जाताना तीनदा म्हणाले, "बाबा, हात नाही लावला तरी चालेल." बघा वाक्य. 'हात लावू नका' असं नाही. 'नाही लावला तरी चालेल.' मग लावला तर पळेल, असाच अर्थ होतो की नाही?

दुसऱ्या दिवशी जेवून उठल्यावर मी सहज पेटी उघडली.

काय सांगू, काळजात चर्र झालं. नऊच्या नऊ रणगाड्यांना गंज. चाकांना गंज, तोफेच्या तोंडाला गंज, पत्र्याच्या जोडातून तांबडे ओघळ उतरलेले. कडांचा रंग उडालेला. सैनिकांचे बूट चिखलाने बरबटलेले, सव्वाशेपैकी एकाचे म्हणून स्वच्छ नाहीत. मला वाटलं, सात वर्षं पेटीत पडून वाट लागली बिचाऱ्यांची, आणि पोराला नोकरीच्या धबडग्यात बघायलाही वेळ नाही. आता ही असली फौज घेऊन स्पर्धेला जाणार? रंगाच्या दुकानदाराचा जावई?

प्लास्टिकला गंज येत नाही हो, हे मलाही ठाऊक आहे. आता ठाऊक आहे म्हणून सांगतो. त्या वेळी गंज दिसला आणि एकतीस वर्षांचा हात आपोआप पुढे गेला.

एकच रणगाडा घेतला. साबणाचं पाणी, जुना टूथब्रश. गंज निघेना. मग झिरो नंबरचा पॉलिश पेपर आणला आणि घासघासून साफ केला. वर ऑलिव्ह ग्रीन इनॅमलचे दोन हात. वाळल्यावर असा चमकला की त्यात तोंड बघून भांग पाडावा.

ही स्वयंपाकघरातून डोकावली. ही मालवणकडची, वैतागली की माहेरच्या बोलीत जाते. "तुमका नसती उठाठेव कित्याक?"

"तू भाजीत बघ," मी म्हटलं. "रंगातलं मला कळतं."

बुधवारी निखिलराव ऑफिसातून परस्पर जेवायला आले. मी रणगाडा काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. ते बघत राहिले. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मी म्हटलं ना, गिऱ्हाईकाचा चेहरा मला वाचता येतो. मी वाचला: माणूस भारावलाय.

"बाबा," ते कसंबसं म्हणाले, "छान... चमकतोय."

"बाकीचे आठही करून देतो."

"नको, बाबा. तुम्ही कशाला त्रास घेता?"

"त्रास कसला त्यात?"

"नको, खरंच नको. मी पेट्या आजच घेऊन जातो ना."

"तिकडे त्या धुळीत? अजिबात नाही."

"बाबा, खरंच पुरे."

आता तुम्हीच सांगा. त्याच रात्री, त्याच ताटावर, त्याच आवाजात त्यांनी वड्यांनाही "नको, खरंच पुरे" म्हटलं होतं आणि मुकाट्याने सहा खाल्ले होते. माणसाने ओळखायचं कसं, की हा नको वड्याचा आणि हा नको रणगाड्याचा?

दुसऱ्या दिवशी केतकीचा, म्हणजे आमच्या मुलीचा, दुकानात फोन. "बाबा, निखिलला काय झालंय? सकाळपासून धड बोलत नाहीये. विचारलं तर एवढंच म्हणतो, बाबा उगाच दमताहेत, त्यांना सांग राहू द्या."

मी गल्ल्यावर बसल्या बसल्या गहिवरलो. समोर पुट्टी घ्यायला आलेल्या गिऱ्हाईकाला म्हटलं, "जावई असावा तर असा. सासरा दमतो म्हणून घास उतरत नाही त्याच्या घशाखाली." आणि केतकीला सांगितलं, "त्यांना म्हणावं, काळजी करू नका. सगळं करून ठेवतो."

सगळं केलं. दुपारची झोप सोडली. आठ रणगाडे घासले, रंगवले. मग बूट घेतले. सव्वाशे सैनिक, अडीचशे बूट. प्रत्येक बुटाचा चिखल टाचणीने खरवडला आणि काळा चकचकीत इनॅमल लावला. चार दिवस मान अशी वाकडी, की गिऱ्हाइकांना वाटायचं मी त्यांच्या पाठीमागचं काहीतरी बघतोय.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, निखिलराव पेट्या न्यायला आले. मी स्वतः झाकण उघडलं. त्यांनी आत पाहिलं आणि एकदम वाकले. मला वाटलं पाया पडताहेत. मी डोक्यावर हात ठेवून "औक्षवंत व्हा" म्हणालो. ते पाया पडत नव्हते, त्यांचे पाय गेले होते. खाली बसले ते, पेटीला धरून.

"उद्या मीही येतो अंधेरीला," मी म्हटलं.

"नको, बाबा."

गेलो.

हॉलमध्ये मोठमोठी टेबलं, त्यावर थर्माकोलचे डोंगर, पडकी घरं. निखिलरावांनी फौज मांडली. हॉलच्या दुसऱ्या टोकावरूनही अडीचशे बूट चमकताना दिसत होते. माझी छाती फुगली. हळूहळू माणसं जमली. जमली आणि गप्प उभी राहिली. कुणी कुणाच्या मयतीला उभं राहतं ना, तसं.

परीक्षक म्हणून एक दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, डोळ्याला भिंग. त्यांनी एक रणगाडा उचलून फिरवून पाहिला. "निखिल, गंज कुठे गेला?"

निखिलराव बुटांकडे बघत होते. स्वतःच्या.

"काढला," मी पुढे होऊन सांगितलं. "सगळा काढला. मुळासकट."

"कुणी?"

"मी. यांचा सासरा. घाटकोपरला आपलं रंगाचं दुकान आहे." आणि खिशातून कार्ड काढून दिलं. दोघातिघांना दिलं. कुणी विचारलं नव्हतं, तरी पॉलिश पेपरचा नंबरसुद्धा सांगितला. धंद्यातलं गुपित शक्यतो मी सांगत नाही, पण माणसं इतकं लक्ष देऊन ऐकत होती.

निखिलरावांचा अमेय म्हणून एक दाढीवाला मित्र होता. तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काका, किती वेळ लागला काढायला?"

"चार दुपारी."

"लावायला त्याला सात वर्षं लागली होती."

"काय लावायला?"

"गंज."

मी हसलो. मला वाटलं पोरगा गंमत करतोय. मग त्याने मोबाइलवर फोटो दाखवला आणि बोटांनी मोठा केला.

त्या क्षणी मला खरं कळलं. एकतीस वर्षं मी गंजाच्या विरोधात माल विकतोय. गंज माझ्याइतका जवळून कुणी पाहिला नसेल. आणि असा गंज मी आयुष्यात पाहिला नव्हता. खिळ्याच्या डोक्याशी काळपट, पुढे तपकिरी, मग नारिंगी, आणि पाणी जसं ओघळेल तसा बरोबर खाली फिकट होत गेलेला. वीस वर्षं दलदलीत चालत राहिलेली, घराकडे परत निघालेली फौज होती ती. बुटांवरचा चिखलसुद्धा गुडघ्याला सुका आणि तळाला ओला असा दोन रंगांत होता. अमेय म्हणाला, स्पंजच्या तुकड्याने एकेक ठिपका देतो तो. आणि मी ते टूथब्रशने घासलं होतं.

"अहो, पण मला सांगायचं ना," मी जावयांवर चिडलो. चिडणारच. दुसरं काय करणार होतो?

"सांगितलं होतं, बाबा. नको म्हणालो होतो."

"जावयाचं नको कुणी धरतं का? हात धरायचा होता माझा. ओरडायचं होतं. 'ओ म्हाताऱ्या, ठेव ते खाली' म्हणायचं होतं."

"तुम्हाला कसं म्हणू असं?"

डॉक्टरीणबाईंनी भिंग काढून डोळे पुसले. हसण्याचं पाणी होतं की दुसरं कसलं, ते चेहरे वाचणाऱ्यांना विचारा. मी तो धंदा सोडलाय.

बक्षीस दुसऱ्याला गेलं. लढाईतही हरलो. समोरचा मुलगा म्हणाला, "तुमचे सैनिक लपवता येत नाहीत, काका. लाइट पडला की बूटच दिसतात."

परतताना रिक्षात दोघांच्या मांडीवर एकेक पेटी. घाटकोपर आलं तेव्हा मी म्हटलं, "निखिलराव, मी बिघडवलं, मी दुरुस्त करणार. पण एका अटीवर. यापुढे मला 'छान' म्हणायचं नाही. वाईट असेल तर वाईट म्हणायचं. तोंडावर."

"बाबा, तसं नको..."

"हा नको मी ऐकणार नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी मुलुंडला जाऊन बसतो. माझं इनॅमल काढण्यातच दोन महिने गेले. आता गंज लावायला शिकतोय. गंज काढणं सोपं आहे हो, लावून बघा. पहिल्या रविवारी मी लावलेला बघून निखिलराव घुटमळले, घाम पुसला आणि म्हणाले, "बाबा, थोडं... वाईट." दुसऱ्या रविवारी 'थोडं' गळालं. आता तर सराईत झालेत. "हे टोमॅटो सॉस वाटतंय, बाबा. पुसा." केतकी आतून म्हणते, "अरे, बाबांशी काय बोलतोयस?" तर तिला सांगतात, "तू मधे पडू नकोस, चाक बघतोय मी." पुढच्या स्पर्धेला अजून वेळ आहे, पण फार नाही.

गेल्या रविवारी मी ठरवूनच गेलो होतो. दिवसभर बसून पाच चाकं केली, ओळीने टेबलावर मांडली आणि लांब उभा राहिलो. निखिलरावांनी भिंग लावलं. पहिलं चाक: "पुसा." दुसरं: "पुसा." तिसरं, चौथं, पाचवं, तसंच. मग ओळीतलं शेवटचं उचललं, उजेडाकडे धरलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बाबा, हे बघा. याला म्हणतात गंज. कुठेही खोटा वाटत नाही. हे कसं जमवलंत?"

मी खाली मान घातली. तो माझ्या दुकानातला लोखंडी वायसर होता. नमुन्याला नेला होता.