पिवळा पाइप

माझा धाकटा भाऊ गुनवाल्ड जहाजाच्या इंजिनघरातच म्हातारा झाला. इंजिन चालवणं हे त्याचं काम आणि रंग लावणं हे वेड. गंज दिसला की त्याचे हात शिवशिवत. आपला ब्रश मात्र तो कुणाला देत नसे, अगदी कप्तानालाही नाही. यावरून आमचं सगळं हाउगेसुंड गाव त्याची टर उडवायचं.

जहाजाच्या तळाशी तेलकट घाण पाणी साचतं. ते यंत्रातून गाळायचं, स्वच्छ पाणी समुद्रात सोडायचं आणि तेल बंदरावर उतरवायचं, असा कायदा. त्याला खर्च येतो, वेळ जातो. म्हणून मुख्य इंजिनियर टॉर्मुडने गाळणीला वळसा घालणारा एक चोरटा पाइप पायाखालच्या पत्र्यांच्या आड जोडून घेतला. काळं पाणी थेट आमच्या खाडीच्या तोंडाशी जाऊ लागलं.

गुनवाल्डला तो पाइप दिसला. आमची आई त्या खाडीतल्या बेटांवर बदकांची मऊ पिसं वेचायची. तेलाने माखलेली, उडता न येणारी बदकं त्याने लहानपणी हातात धरली होती. पण टॉर्मुड आमचा शेजारी, नोकरीही त्यानेच लावलेली. आणि शेजाऱ्याची चुगली करणाऱ्याला आमच्याकडे कुणी कॉफीसुद्धा विचारत नाही. त्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "तोंड उघड की मेल्या!"

"ताई, मी कशाला बोलू? तपासायला येणाऱ्यांना दिसलं म्हणजे झालं."

आणि त्याने तो पाइप भडक पिवळा रंगवला. टॉर्मुड वरूनच झडप फिरवायचा, खाली वाकायचे कष्ट त्याने कधी घेतले नाहीत.

तपासनीस आले, पत्रा उचलला, पिवळा पाइप डोळ्यांत भरला. हा कुणी जोडला, असं कोर्टात विचारलं तेव्हा टॉर्मुड शांतपणे म्हणाला, "रंग कुणी दिलाय ते विचारा. तो ब्रश दुसऱ्या कुणाच्या हाती जात नाही."

सगळ्या खलाशांनी होकार दिला. खोटं कुणीच बोललं नाही, हेच मला अजून जाळतं. गुनवाल्डचा इंजिन चालवायचा परवाना गेला. आता तरी खरं सांग म्हणून मी कानीकपाळी ओरडले. आता सांगितलं तर जीव वाचवायला सांगतोय म्हणतील, हे त्याचं उत्तर.

टॉर्मुड मानाने निवृत्त झाला. परवा त्याने कुंपणावरून हाक मारली, "गुनवाल्ड, होडीच्या शेडला रंग द्यायचाय. तुझ्यासारखा हात नाही रे कुणाचा."

मी खिडकीत उभी होते. निदान आज तरी हा नाही म्हणेल, असं वाटलं. तो घरात आला आणि ब्रश शोधू लागला.