मायनर म्हणजे खाणकामगार

शनिवारचा दिवस, सुरतचं लॉ कॉलेज, फर्स्ट इयरचा वर्ग... टर्मिनल परीक्षेचे तपासलेले पेपर वाटायला मॅडम उभ्या होत्या. नव्वदचं दशक अर्धं सरलं असेल तेव्हा.

माझी शाळा महापालिकेची, मराठी माध्यमाची. बी.कॉम. गुजरातीतून कसंबसं झालं होतं. आणि लॉची पुस्तकं सगळी इंग्रजी... डिक्शनरी घेऊन बसले तरी एका पानाला तास जायचा.

पेपरात प्रश्न होता, मायनरने केलेला करार कायदेशीर ठरतो का? आता 'माइन' म्हणजे खाण, हे शाळेत पाठ केलेलं. मायनर म्हणजे खाणीत काम करणारा, यात मला शंकाच आली नाही... स्पेलिंगमधलं एक अक्षर बदललं की तोच मायनर अल्पवयीन होतो, हे कोण बघतंय!

खाण मी जन्मात पाहिली नव्हती. पण आमच्या उधन्याच्या गल्लीत, लूम्सच्या कारखान्यात कामाला लागताना न वाचताच कागदावर अंगठा देणारी माणसं रोजची होती. तेच डोळ्यांसमोर आणून मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी जीव तोडून लिहिलं.

मॅडमनी माझा पेपर हातात घेतला आणि त्यांना हसूच आवरेना. "आ छोकरीए तो खाणना मजूरोनो केस लडी काढ्यो!" त्या म्हणाल्या, आणि अख्खा वर्ग खो खो हसला. कुणीतरी मागून 'खाणवाली' म्हणालं. तेच नाव पडलं...

मी पेपर घेतला नाही. हात पुढे करायचं भानच राहिलं नाही. कान नुसते तापले होते.

त्यातच मॅडमनी जाहीर केलं, कच्च्या विद्यार्थ्यांसाठी दर शनिवारी लेक्चर संपल्यावर जादा वर्ग. नावं मोठ्याने वाचली. पहिलं नाव माझं.

घरी सांगितलं की जादा वर्ग आहे, उशीर होईल. वडील लूमवरून आले होते, केसांत अजून सूत अडकलेलं. त्यांना वाटलं, निवडक मुलांनाच बोलावतात. शेजारच्या काकांना ओट्यावर बसून आमच्या अहिराणीत सांगत होते, "मनी पोर वकील व्हनार शे... हुशार पोरंस्ले जास्त शिकाडतस!" मी आत भांडी घासत होते. जमीन फाटून आत घेईल तर बरं, असं झालं.

पुढच्या शनिवारी कॉलेजला जायचंच नाही असं ठरवलं होतं. पण गेले नाही तर वडील विचारणार... मग मैत्रिणींना लायब्ररीत जाते सांगून, मागच्या जिन्याने त्या खोलीत शिरले. आम्ही पाच-सहा जण. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. दवाखान्यात लाजिरवाण्या आजारासाठी बसावं, तसे बसलो होतो.

मॅडम आल्या. हातात माझाच पेपर. झालं, पुन्हा हसणार... मी मान खाली घालून उभी राहायला लागले.

"उभी राहू नकोस, बस," त्या हिंदीत म्हणाल्या. "त्या दिवशी मी तो एक शब्द बघून हसले. पुढचं वाचलंच नव्हतं. काल घरी वाचलं."

मग त्यांनी माझं एक वाक्य वाचलं. ज्याला आपण काय कबूल करतोय ते कळत नाही, आणि समोरच्याला ते माहीत असतं, त्याला त्या शब्दात बांधून ठेवणं हा न्याय नाही... असं काहीसं. माझं इंग्रजी त्यांच्या तोंडून बरं वाटत होतं.

"कायदा अल्पवयीन मुलांना जपतो तो याच विचाराने," त्या म्हणाल्या. "तुझा शब्द चुकला, विचार नाही. मी हसायला नको होतं. मला माफ कर."

शिक्षकाने माफी मागितलेली मी कधी पाहिली नव्हती. खरं सांगू, बरं वाटण्याऐवजी मला अजूनच लाज वाटली...

"हसले मोठ्या वर्गात, आणि माफी या खोलीत, हे बरोबर नाही," म्हणाल्या. सोमवारी त्यांनी भरल्या वर्गात तेच पुन्हा सांगितलं. मी बाकावरची कोरलेली अक्षरं बघत बसले. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 'खाणवाली' हे नावही वर्षभर गेलं नाही.

पण त्यापुढच्या शनिवारी खोलीत बसायला जागा कमी पडली. ज्यांची नावं वाचली नव्हती, तेही आले होते. सगळ्यात मोठ्याने हसलेला पहिल्या बाकावरचा मुलगा, वडील शहरातले नावाजलेले वकील... तोही. मॅडम म्हणाल्या, प्रत्येकाने न कळलेला एक शब्द सांगायचा.

त्याने बराच वेळ पेनचं टोपण उघडबंद केलं. मग हळूच विचारलं, "मॅडम, कन्सिडरेशन... एटले विचार ज ने?"

विचार नव्हे, करारात त्याचा अर्थ मोबदला. मला तेवढा एक शब्द नेमका माहीत होता. पण मी हसले नाही. कुणीच हसलं नाही. त्याचे लाल झालेले कान मला माझ्या बाकावरून दिसत होते...

कॉन्ट्रॅक्टच्या पेपरात मी जेमतेम पास झाले. पुढे सनद मिळाली, काळा कोट आला, आज सुरतच्याच कोर्टात उभी राहते. मॅडमना मात्र कधी थँक्यू म्हटलं नाही. समोर आल्या की तो वर्ग आठवायचा आणि जीभच वळायची नाही. आता त्या कुठे असतात, ठाऊक नाही.

मॅडम, लाज अजून वाटते. पण त्या शनिवारनंतर ती एकटीची राहिली नाही... त्यासाठी थँक्यू.